गेनबांचा न दुखणारा पाय

नंदाला किळस यायची ती पायाची नव्हे. एकवीस वर्षं ड्रेसिंग करणाऱ्या बाईला पू काय नि वास काय! तिला किळस यायची ती पायाच्या मालकाची.

मालक म्हणजे हिंजवडीचे गेनबा. शेत विकलं, चार मजली बंगला बांधला, चालणं सुटलं आणि शुगर चढली. डाव्या पायाची दोन बोटं गेल्या वर्षीच कापली होती. उरलेला पाय वाचावा म्हणून नंदा एक दिवसाआड स्कूटरवरून यायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, साखर उतरली नाही तर आता घोट्यापासून जाईल.

आणि हा बाबा करायचा काय? तपासणीला रक्त द्यायच्या आधी दोन दिवस कोरडी भाकरी आणि कारल्याचा रस. रिपोर्ट चांगला आला की गुलाबजाम! एकादशी अन् दुप्पट खाशी. शी!

"आबा, फसवताय कुणाला? लॅबला?" ती एकदा फणकारली. "रक्तात साखर उतू चाललीय, पण आतल्या पेशींना ती मिळतच नाही. घरात पोती भरलेली अन् माणसं उपाशी. जखम भरायची कशी? नसासुद्धा मरतात अशानं."

"पन आता दुखत न्हाई की नंदाबाई. मागं केवढं ठनकायचं! बरं व्हायलंय, दुसरं काय?"

त्यांच्या बायकोने, आनंदीबाईंनीही मान डोलावली. नंदाच्या ओठांवर शिवी आली होती, ती तिने मास्कमागे गिळली.

बुधवारी ती आली तर टीपॉयवर पेढ्यांचा बॉक्स. "उपाशीपोटी एकशे आठ!" गेनबा टीव्ही बघत म्हणाले आणि तुपकट बोटं पायजम्याला पुसली.

"तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केलीत?"

"ती कशाला? ही चांगली आलीया न्हवं!"

नंदाने पट्टी सोडली. वास नेहमीपेक्षा उग्र होता. टाच पुसताना काळा ठिपका दिसला. तिने चिमट्याने धरून ओढला. अर्धा इंच खिळा बाहेर आला, चपलेचा, गंजलेला, मागून पू. गेनबांचा पाय जरासुद्धा हलला नाही. ते दुसरा पेढा चघळत होते.

खिळा ट्रेमध्ये टणकन पडला तेव्हा कुठे त्यांनी वळून बघितलं.

"ह्यो कुनाचा?"

"तुमच्या टाचेतला, आबा."

गेनबांनी पेढा तसाच तोंडात ठेवून खाली वाकून टाचेवर अंगठा दाबला. मग नख रुतवलं, जोर लावून.

"आनंदे," ते म्हणाले, "मला काय बी कळंना."