वाणाच्या डबीतल्या गोळ्या

सख्ख्या धाकट्या बहिणीला मी संक्रांतीच्या वाणात शुगरच्या गोळ्या दिल्या. त्याही औषध कंपनीच्या, अजून बाजारात न आलेल्या. तेव्हा मी अवघी साठ वर्षांची होते, अक्कल यायला वेळ होता.

नांदेडच्या एका दवाखान्यात कंपनी नव्या गोळीची चाचणी करून राहिली होती. डॉक्टरनं मला त्यात घेतलं. कागद वाचून दाखवायला एक पोरगी होती आणि माझा होकार टिपायला समोर कॅमेरा. कॅमेरा म्हटल्यावर बाईसाहेबांनी, म्हणजे मी, पदर सावरला, लग्नाच्या शूटिंगला बसावं तशी मान जरा कलती धरली आणि प्रत्येक वाक्याला "हाव" म्हटलं. निम्म्या लोकांना खरं औषध मिळतं, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, आणि कुणाला काय गेलं ते डॉक्टरलाही ठाऊक नसतं, हे पोरीनं दोनदा सांगितलं. "अन् गोळी दुसऱ्या कुणाला द्यायची न्हाई, मावशी," हेही सांगितलं. हाव. माझं सगळं ध्यान आपलं तोंड बरं दिसतंय का याकडं.

माझी शुगरची जुनी गोळी चालूच होती, वर ही नवी. दोन महिन्यांत माझी शुगर उतरली. दर तपासणीला दटावणाऱ्या त्या पोरीच्या धाकानं मी भात कमी केला होता, सकाळी चालायला लागले होते. पण मान दिला गोळीला. गल्लीत सांगत फिरले, जणू मीच ती शोधली.

बहीण लातूरजवळच्या मुरुडला. तिची शुगर माझ्याहून जुनी, दोन वेळा इन्सुलिनची सुई, आणि पायाच्या बोटांना झालेली जखम भरत नव्हती. फोनवर रडायची, "अक्का, पोटाची चाळणी झाली गं." मग मी एक दिवसाआड गोळी घ्यायला लागले आणि उरलेल्या साठवल्या. संक्रांतीला मुरुडला गेले, स्टीलच्या डबीत गोळ्या भरल्या, तिला हळदीकुंकू लावलं आणि डबी हातात ठेवली.

"हे घे. कंपनीचं औषध हाय, लई भारी. सुई सोड आता."

ती बिचकली. "डॉक्टरला विचारू का आधी?"

"वाण इचारून घेतेत का कुठं?"

तिनं डबी कपाळाला लावली.

नांदेडला परतल्यावर त्या पोरीनं माझी रिकामी बाटली पाहिली. "एक गोळी चुकवत न्हाईत तुम्ही, मावशी. सगळे असे असते तर!" मी लाजले. खरंच लाजले, कौतुकानं.

आठवडा झाला नसेल, बहिणीच्या सुनेचा फोन आला. सासूबाईंना उलट्या होत होत्या, धाप लागली होती, बोलत नव्हत्या. लातूरला नेत होते. मी एसटीनं पोचले तेव्हा ती आयसीयूत होती. दाराच्या काचेतून फक्त तिचं पोट दिसत होतं, भात्यासारखं वरखाली होणारं. डॉक्टर बाहेर आला.

"सुई कुणी बंद केली? दुसरं काही घेत होत्या का?"

सून म्हणाली तिला ठाऊक नाही. डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं.

"न्हाई बा," मी म्हणाले.

एवढं बोलून मी बाकावर बसले. ती मेली तर डबीचं कुणालाच कळणार नाही, हा विचार माझ्याच डोक्यात आला. आला तो आला. देवाचं नाव घ्यायला तोंड उघडेना. तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही आलात, मला धीर आला." चहा माझ्या लुगड्यावर सांडला. मी तशीच उठले आणि डॉक्टरला गाठून सगळं सांगितलं.

"गोळीचं नाव?"

नाव नव्हतंच. बाटलीवर नुसता नंबर असायचा, आणि तो मी कधी वाचला नव्हता.

"आजी, मी आत औषध सोडतोय. ती गोळी त्याच्याशी काय करंल, मला कसं कळावं?"

मी त्या पोरीला फोन लावला. हुंदक्यातून काय सांगितलं, आठवत नाही. ती रागावली नाही, त्यानं जास्त भीती वाटली. "तुमच्या बाटलीचा नंबर माझ्याकडं हाय, मावशी. फोन ठेवा." अर्ध्या तासानं नांदेडच्या डॉक्टरनं लातूरच्या डॉक्टरला फोन केला. त्यांनी कंपनीकडून माझ्या नंबराचं गुपित उघडून घेतलं होतं. माझ्या गोळीत औषध नव्हतंच.

लातूरच्या डॉक्टरनं सुस्कारा सोडला आणि आत गेला. मी तिथंच भिंतीला टेकले. म्हणजे मी बहिणीला काहीच दिलं नव्हतं. तिला जगवत होती ती सुई तेवढी काढून घेतली होती. आणि गल्लीभर मिरवलेली माझी शुगर भात कमी केल्यानं आणि चालल्यानं उतरली होती. चाचणीतून मला काढलं, ते बरंच केलं.

चौथ्या दिवशी तिनं डोळे उघडले. उजव्या पायाची दोन बोटं मात्र काढावी लागली. नर्सनं तिचं जोडवं कापसात गुंडाळून माझ्याच हातात दिलं. मी मोठी ना.

मी तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं, ते "न्हाई बा" सुद्धा. म्हटलं, शिव्या दे, थोबाडीत मार.  ती छताकडं बघत बोलली:

"तू सुई सोड म्हटलीस, म्या सोडली. आता रोज दोन्ही टायमाला फोन करून 'सुई घे' म्हणायचं, मी हाय तवर. एक दिस जरी चुकलीस, अक्का, मी घेणार न्हाई."