रतनबायची विंच

अझहर मुकादम आखातातल्या एका बोटींच्या कारखान्यात एकोणीस वर्षं फिटर होता. तिथे त्याने बोल्ट आवळला की तो नीट आवळला का, असं विचारायला कुणी येत नसे. दिघीजवळच्या आपल्या गावी परतल्यावर त्याने रतनबायसाठी होडी किनाऱ्यावर ओढायची विंच बनवायला घेतली, आणि आठवड्याभरात त्याला त्या कारखान्याची आठवण यायला लागली.

रतनबाय साठीला टेकलेली कोळीण. नवऱ्यामागे त्याची दोन सिलिंडरची होडी दोन खलाशांना घेऊन तिनेच चालू ठेवली होती. पूर्वी पावसाळ्याआधी होडी किनाऱ्यावर चढवायची तर एका हाकेला पंचवीस माणसं दोराला लागत. आता निम्मी कोळवाडी पनवेलकडे कामाला, रतनबायची पोरंही तिकडेच. गेल्या वर्षी होडी तीन दिवस लाटांच्या तोंडाशी आडवी पडून होती. म्हणून ही विंच.

भंगारातल्या टेम्पोचा मागचा एक्सल आणून अझहरने त्याला दोर गुंडाळायचं लोखंडी पिंप जोडलं. होडी उलटी घसरू नये म्हणून दातेरी चक्र आणि खटका बसवला. इथवर सगळं सुरळीत चाललं. हे फिरवायचं कशाने, यावर मात्र गाडं अडलं.

अझहरचं म्हणणं साधं होतं. विजेचा खांब सदाच्या बर्फाच्या गोदामापाशी, किनाऱ्यापासून दोनशे पावलांवर. एवढी लांब वायर टाकली की मोटरपर्यंत पोचेतो विजेत दम राहत नाही. शिवाय वारा सुटला की लाइट जाते, आणि होडी वर घ्यायची घाई नेमकी तेव्हाच असते. तेव्हा पेट्रोलचं इंजिन.

रतनबायला विजेची मोटर हवी होती. का, ते ती सांगेना. “मना बटणाची पायजे,” एवढंच.

मग गावाला उद्योग मिळाला. सदाने मोबाइलवर कुठल्याशा परदेशी माणसाचा व्हिडिओ पाहिला होता. सदा रोज सकाळी येऊन बटण दाबलं की बोट कशी सरसर वर येते, ते हातवारे करून दाखवी. कुणी म्हणे, खाऱ्या हवेत इंजिन वर्षभरात गंजेल. कुणी म्हणे, ओल्या वाळूत वीज नेली तर माणूस मरेल. एक जण तर आगरदांड्याहून फेरीबोटीने येऊन आपल्या मेहुण्याने विंच कशी घेतली आणि ती कशी बंद पडली, हे तासभर सांगून गेला. अझहर घरी येऊन पाने-पकडी आपटायचा. काशिफा, त्याची बायको, म्हणाली की माझ्यावर चिडून मोटर फिरणार आहे का? तो आणखीच चिडला.

शेवटी त्याने वैतागून विजेचीच मोटर बसवली. सदाच्या गोदामातून वायर ओढली, होडीला दोर बांधला आणि रतनबायला बटण दाबायला सांगितलं. मोटर घुं घुं करत राहिली. पिंप तसूभरही हललं नाही. थोड्या वेळाने जळका वास आला आणि गोदामातला फ्यूज उडाला. सदाने बर्फ वितळेल म्हणून आरडाओरडा केला, वर हेही सुनावलं की मोटर लहान घेतली म्हणून असं झालं.

माणसं पांगल्यावर अझहर रतनबायकडे वळला. आधीच सांगत होतो, तुम्ही ऐकलं नाहीत, आता मी हात लावणार नाही, असं बरंच काही तो बोलून गेला. ती ऐकून घेत वाळूत बसली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “अझहरभाय, माजा उजवा हात वर जात न्हाय.”

दोन वर्षांपूर्वी होडीचं इंजिन चालू करताना हँडल उलटं फिरलं आणि तिचा खांदा निखळला. गावातल्या एकाने ओढून बसवला, पण तो धड बसलाच नाही. तेव्हापासून हँडल खलाशी मारतो. पेट्रोलचं इंजिन म्हणजे चालू करायला दोरीला हिसका देणं आलं.

“पोरांना कललं तर होडी इकतील. तू कोनाला बोलू नको.”

पंधरा दिवस अझहरने गावभर वाद घातला होता, पण तुम्हाला बटणच का हवं, हे तिला धड एकदाही शांतपणे विचारलं नव्हतं. तो स्वतःवरच चरफडत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तो मांडव्याच्या बाजूला गेला. तिथल्या एका बंगल्यात बंद पडलेला जनरेटर होता. त्याचं पेट्रोल इंजिन चावीने सुरू होणारं होतं. ते आणून त्याने साफ केलं आणि पायाने दाबायची पट्टी जोडली. पाय दाबला की पट्टा ताणला जाऊन पिंप फिरायचं, पाय उचलला की थांबायचं. हाताला काम फक्त चावीचं, तेही डाव्या. खारी हवा लागू नये म्हणून वर पत्र्याचं झाकण केलं.

मेच्या अखेरीस भरतीला रतनबायने चावी फिरवली. खलाशी होडीखाली ओंडके सरकवत होते. एकदा होडी तिरकी झाली, तेव्हा अझहर ओरडायच्या आत तिने पाय उचलला होता. अर्ध्या तासात होडी माडांखाली पोचली.

“धूर लय मारतं,” इंजिन बंद करत ती म्हणाली. “आनि कान बसले. बटणाची बरी व्हती.”

अझहरने इंजिनावर पत्र्याचं झाकण लावलं. मागे सदा लोकांना पटवत होता की इथे खरं तर डिझेलच हवं होतं.

पुढच्या आठवड्यात अझहरने खांद्याचं फक्त काशिफाला सांगितलं, आणि ती रतनबायला माणगावला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. पनवेलच्या पोरांना अजून काही सांगितलेलं नाही. विंचीवर तोवर आणखी चार होड्या चढल्या आहेत, आणि प्रत्येक होडीमागे अझहरला एक नवी सूचना ऐकावी लागली आहे.