गेटाजवळचा खिळा

कुत्र्याच्या गळ्यात पट्टा बांधला की मामा त्यात स्वतःची दोन बोटं घालून बघायचे. सहज गेली तर मान हलवायचे, नाही गेली तर पट्टा सोडून पुन्हा बांधायचे. "दोन बोटं जायला पायजेत, शेठ." हे मी इतक्या वेळा ऐकलं, की माझ्या पँटचा पट्टा घट्ट झाला तरी बायको तेच म्हणायची.

सगळे त्यांना मामा म्हणत. रानशेतहून सकाळी येऊन ते घोलवड-बोर्डीच्या पाच-सहा बंगल्यांतली कुत्री फिरवायचे. मालक मुंबईला आणि कुत्री इथे, अशी ती घरं. तुम्हीही कधी बोर्डीच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांखाली त्यांना पाहिलं असेल. पुढे भलंमोठं कुत्रं, मागे काटकुळा माणूस, आणि मधली दोरी सैल.

आमचा टायगर फटाका वाजला की पलंगाखाली जायचा, पण रस्त्यावर असा ओढायचा की एकदा त्याने मला वाळूत तोंडावर पाडलं. तेव्हा मी मामांना बोलावलं. त्यांनी एक साखळी आणली, ओढली की आवळणारी. मला ती बघूनच कसंतरी झालं. त्यांनी ती आधी माझ्या मनगटात घातली आणि किंचित झटका देऊन लगेच सैल सोडली.

"आवळायची नाय. वाजवायची नि सोडायची. आवाज त्याला कळतो."

पंधरा दिवसांत टायगर त्यांच्या पावलाने चालू लागला. माझ्याबरोबर मात्र तो माझ्याच पावलाने चालायचा, म्हणजे कसाही.

एका बंगलेवाल्याने विजेचा झटका देणारा पट्टा आणला होता. मामांनी तो स्वतःच्या दंडाला बांधून घेतला आणि मालकाला बटण दाबायला सांगितलं. झटक्यासरशी मामांच्या हातातला चहा मालकाच्या पांढऱ्या पँटवर सांडला. तो पट्टा डब्यात गेला तो पुन्हा निघाला नाही.

त्यांचा कडक नियम एकच. साखळी फिरण्यापुरती. घरी आलं की आधी साखळी काढायची, मग पाणी पाजायचं. त्यासाठी त्यांनी आमच्या गेटाच्या खांबावर खिळा ठोकला होता. गळ्यात राहिली तर कुठेतरी अडकेल, आणि सोडवायला तिथे कोणी नसेल, असं ते सांगायचे.

तलासरीला भाचीचं लग्न होतं, म्हणून त्यांनी एक दिवस सुट्टी घेतली. आदल्या दिवशी जाताना खिळ्याकडे बोट दाखवून गेले.

त्या सकाळी टायगरला मी फिरवलं. परत आलो तर आमच्या वाडीतले चिकू न्यायला आलेला ट्रक दारात उभा, ड्रायव्हर घाईत आणि निम्मी खोकी भरायची राहिलेली. मी नुसती दोरी सोडली आणि पॅकिंगला पळालो. ट्रक निघाला तसा टायगर त्याच्या मागे जायला कुंपणाच्या तारेखालून घुसला. साखळीची कडी तारेत अडकली. तो ओढत गेला, ती आवळत गेली. आम्ही तेव्हा शेडमध्ये चहा पीत होतो.

फोन केला तसे मामा लग्नातून उठून आले, अंगात नवा सदरा. टायगरजवळ बसले आणि सवयीने साखळीखाली दोन बोटं घालायला गेले. गेली नाहीत. त्यांनी ती हळूहळू सैल करून काढली, नळाखाली धुतली आणि खिळ्याला अडकवली. मग म्हणाले, "मी जायला नको होतं."

चूक कोणाची, हे त्यांना कळत होतं. त्यांनी मला एका शब्दानेही विचारलं नाही.

बंगलेवाल्यांनी मात्र विचारलं. मामांच्या साखळीने कुत्रा गेला म्हणे? मी म्हणालो, हो, साखळी त्यांचीच. यात खोटं काहीच नव्हतं. त्याहून नीच मी आयुष्यात काही बोललेलो नाही.

एकेका घराने त्यांचं काम बंद केलं. एक दिवस ते गेटाशी आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"शेठ, मी त्या दिवशी इथं नव्हतो, एवढं जरा सांगाल का त्यांना?"

मी म्हणालो, सांगतो. खरंच सांगणार होतो. पण मग कोण होतं, हे बंगलेवाल्यांनी विचारलं असतं. आज सांगू, रविवारी मालक आले की सांगू, असं करत हंगाम गेला.

शेवटी मी रानशेतला गेलो. आधी मामांशीच खरं बोलायचं, असं ठरवलं होतं. दारात त्यांची बायको होती. मामा पावसाळ्यात तापाने गेले होते. मी कोण ते सांगितल्यावर तिने मला बसायला खाट दिली.

"ते वाट बघत होते," ती म्हणाली. "दुसरं काम बघा म्हटलं, तर म्हणायचे, थांब, शेठ सांगणार हायेत."

तिने पाणी आणून दिलं. मी ते प्यायलो आणि तिलाही काही न सांगता परत आलो.

साखळी अजून खिळ्यावर आहे. गंजली आहे. काढायला हात जातो आणि मागे येतो.