उसना आवाज

सन एकोणीसशे एकतीस. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो, आणि माझा आवाज गेला.

गेला म्हणजे नुसता घसा बसला असं नव्हे. घसा सगळ्यांचाच बसतो आणि चार दिवसांत सुटतो. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या नंदीध्वजाच्या मिरवणुकीत भवानी पेठेतल्या आमच्या आळीतर्फे 'बोला हर्र'चा पुकारा मी द्यायचा, हे ठरलेलं होतं. मी आरोळी ठोकली की पुढची-मागची माणसं 'हर्र' म्हणून गर्जायची. त्या वर्षीही पुकारा दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून जो आवाज बसला तो उठेचना. बायकोनं ज्येष्ठमध दिला, हळदीचं दूध दिलं, शेजारणीनं सांगितलेला काढा दिला. आधी घोगरा का होईना निघायचा. पुढं तोही गेला, तोंडातून नुसता वारा. गिळताना आत काहीतरी टोचायचं. गाठ असेल, असं मनात यायचं. पण मी ते बायकोलाही बोललो नाही.

आणि माझी भाकरी त्या आवाजावरच होती. त्या काळात गावाबाहेर पलटणीचा तळ होता. तिथल्या दवाखान्याच्या दारात मी बसायचो. येईल त्याचं नाव विचारायचं, हातात पितळी बिल्ला द्यायचा, त्याला ओसरीत नाहीतर लिंबाखाली बसवायचं, आणि आत गोऱ्या डॉक्टरसाहेबानं घंटी वाजवली की पुढच्याचं नाव पुकारायचं. मी शिकलो मराठी दुसरी. पण शिपाई असो, घोड्यांचा सईस असो, धोबी असो, मी नाव घेतलं की मैदानाच्या पलीकडून माणूस धावत यायचा. आळीतले लोक मला टोमणे मारायचे, "आला बघा गोऱ्याचा पोपट!" मी म्हणायचो, पोपट तर पोपट, पण माझ्यासारखं बोलून तर दाखवा. एवढा माझा ताठा.

माझ्या आधी दारावर जो होता त्याला कमी दिसायला लागलं, तशी त्याची नोकरी गेली होती. म्हणून मी आवाज गेल्याचं दाबून ठेवलं. थंडी बाधलीय म्हणायचं, बिल्ला दारावर आपटायचा, हातवारे करायचे, असं चाललं होतं. आत डॉक्टर बसलेला, कंपाउंडर तर आमच्याच पेठेतला. एक शब्द टाकला असता तर घसा बघितला असता. पण मागणं माझ्या रक्तात नाही. देवाकडंही मागितलं नाही. उलट तळ्यातल्या सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन भांडून आलो, की तुझ्याच नावानं ओरडून आवाज गेला, आता तुझं तू बघ. आणि देवळाची पायरी सोडली. खरं सांगायचं तर देव आहे की नाही, इथपर्यंत मन गेलं होतं.

उन्हं तापायला लागली होती. पलटणीत तापाची साथ होती आणि त्या दिवशी ओसरी गच्च भरलेली. घंटी वाजली. मी बिल्ला आपटला, कुणी बघेना. दोन स्वार 'माझी पाळी, माझी पाळी' करत एकमेकांच्या अंगावर गेले. पुन्हा घंटी. आतून कंपाउंडर ओरडला, "अरे, भाईर कोण मेलंय का? पाठव की माणूस!" मी तोंड उघडलं. काही नाही. मला कळलं, आज संपलं.

लिंबाखाली एक म्हातारी धनगरीण घोंगडं टाकून बसली होती. तिचा नवरा तळाच्या भटारखान्याला मेंढरं द्यायला आला होता, त्याची वाट बघत. ती बराच वेळ माझ्याकडं बघत असावी. उठून दाराशी आली आणि म्हणाली, "आरं बाबा, तुजा आवाज कुटं गेला?"

मी हातानंच 'जा' म्हटलं.

"गेला न्हवं? मग माजा घे की. हितं मेंढरं न्हाईत, माजा नुसता पडूनच हाय."

मला राग आला. पण घंटी तिसऱ्यांदा वाजली. म्हातारी माझ्या पायरीशीच फतकल मारून बसली आणि कान पुढं केला. तिच्या कानात नाव सांगायचं तर मला कमरेत वाकावं लागलं. देवापुढंही मी उभ्यानंच हात जोडणारा माणूस. वाकलो. कुजबुजलो. आणि म्हातारीनं माळावर कळप हाकावा तशी हाळी दिली, "जमादार इब्राहिमखाऽऽन! हुर्रर्र! चल, आत चल!"

सगळी ओसरी हसली. भांडणारे स्वारही हसले. जमादार मिशीवर हात फिरवत आत गेला. साहेब दारापर्यंत आला, "ये बाई कौन है?" कंपाउंडर चपापला, मग म्हणाला, "साब, नया दरवान." साहेब हसून आत गेला. मी मान खाली घालून उभा. लाजेनं कान तापले होते, पण काम चालू झालं होतं. मी वाकायचो, ती पुकारायची. कुणाला "आरं पळ की, का पाय मोडलाय?" म्हणायची, आणि त्याचा खरंच पाय मोडलेला निघाला तर, "मग सावकाश ये माज्या राजा," म्हणायची.

मग पखालीनं पाणी भरणाऱ्या करीम भिश्त्याचं नाव आलं. तिनं पुकारलं. पुन्हा पुकारलं. कुणी उठलं नाही. माझी रीत अशी, की दोन हाका, ओ आली नाही की पुढचा. मी पुढचं नाव सांगायला वाकलो, तर तिनं माझा हात धरला.

"पुढं कुटं निगालास? एक ओ देत न्हाय म्हंजी कळप हालवायचा न्हाय. आदी बगून ये."

मी कुजबुजलो, "कंटाळून गेला असेल."

"जाणारं जातंय तवा दिसतंय. जा, बग."

गेलो. लिंबाखाली नाही, ओसरीत नाही. पाण्याच्या टाकीमागं, भिंतीच्या पट्टीभर सावलीत करीम आडवा पडलेला. अंग तव्यासारखं, डोळे फिरलेले, मुठीत बिल्ला. मला ओरडताही येईना. खांद्यावर उचलला आणि ओळ मोडून सरळ साहेबाच्या टेबलापर्यंत नेला. साहेबानं पाण्याची फडकी ठेवली, औषध दिलं, आणि दुपार कलताना त्यानं डोळे उघडले. कंपाउंडर म्हणाला, "थोडा येळ गेला असता तर गेला होता गडी."

मी दारात येऊन बसलो. माझा आवाज शाबूत असता तर मी दोन हाका मारून पुढं गेलो असतो, आणि माझ्या त्या आवाजाचं कौतुक चालू असतानाच टाकीमागं एक माणूस संपला असता. संक्रांतीपासून मी देवाला विचारत होतो, का नेलास? उत्तर असं मिळेल हे ध्यानीमनी नव्हतं.

तेवढ्यात तिच्या म्हाताऱ्याची हाक आली, "चल गं, दिली मेंढरं." ती घोंगडं झटकून उठली. मी तिच्या पाया पडलो.

"आरं उट! मी काय देव हाय व्हय?" ती हसली. मग माझ्या गळ्याकडं बोट करून म्हणाली, "दवाखान्याच्या दारात बसून आजारी ऱ्हातुस. तळ्याकाटी बसून तान्हेला! दाव की त्येला. मागायला काय जातंय तुजं?"

दोघं टेंभुर्णीच्या वाटेला लागली. पुढं किती कळप बघितले, किती धनगरवाड्यांवर विचारलं, ती काही भेटली नाही. ती कोण होती यावर मी कुणाशी वाद घालत नाही. धनगरीण होती, हे खरं. माझ्यासाठी धाडलेली होती, हेही मला तेवढंच खरं वाटतं. घशातली गाठ औषधानं विरली, नोकरी राहिली. आवाज आला तो अर्धाच, आरोळीचा नव्हे. त्याचं मला वाईट वाटत नाही. हाकेला ओ आली नाही की मी उठून जवळ जायचो, ते शेवटपर्यंत. देणाऱ्याचे हात कायम पुढंच असतात. आपल्यालाच वाकायला जड जातं. मी हट्टी माणूस, मला ते शिकवायला त्याला माझा गळाच धरावा लागला. त्याचे उपकार.

म्हातारी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी तळावर गेलो. एक बिल्ला उचलला आणि दारात न बसता ओसरीत बसलो, आजारी माणसांच्या ओळीत. कंपाउंडर आला आणि बघतच राहिला. "हितं काय बसलास? दारात बस की!" मी गळ्याला हात लावला, बिल्ला दाखवला, आणि माझी पाळी येईपर्यंत तिथंच बसून राहिलो.