चांगुणामावशी आणि एक फूट लोखंड

चांगुणामावशींकडे मासे घ्यायला गेलेल्या माणसाची आधी तपासणी व्हायची. आपण पापलेटाचे कल्ले उघडून बघतो, तसं त्या गिऱ्हाइकाला उघडून बघायच्या. घरी कोण रांधणार, किती वाजता रांधणार, आलं-लसूण आहे का, सगळं विचारून झाल्यावरच मासा टोपलीतून बाहेर यायचा. उत्तर पटलं नाही तर समोर ताजा रावस पडलेला असूनही त्या तो द्यायच्या नाहीत. "तुमी आता मॉलमदी फिरनार, मच्छी गाडीत तापनार, नि बायको मना शिव्या घालनार. सुकट घ्या नि जा," असं तोंडावर सांगायच्या. एकदा एका नव्या गिऱ्हाइकानं "फ्रेश आहे ना?" असं विचारलं. मावशींनी कोयता ओंडक्यावर ठेवला आणि सुरमईकडे वळून म्हणाल्या, "सांग गो बाय, तूच सांग. माज्यावर इस्वास नाय यांचा."

खांदेश्वरच्या मासळी बाजारात त्या पालथ्या क्रेटवर बसायच्या. पण ती त्यांची गरज नव्हती. जवळच्याच गावात त्यांचं तीन मजली घर होतं, त्यातले दोन मजले भाड्यानं गेलेले. न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनर ओढणारे चार ट्रेलर होते, ते मुलगा सांभाळायचा. हातातल्या पाटल्यांवर खवले चिकटलेले असायचे आणि त्या ते नखानं काढत बसायच्या. एवढं असून इथे कशाला बसता, असं मी एकदा विचारलं. "घर भाडेकरू चालवतान, गाड्या पोर चालवतो. मना चालवाला काय ठेवलंय? ह्यो कोयता." मावशींना जाऊन आता वर्ष होत आलं, तरी हे वाक्य मला त्यांच्याच आवाजात ऐकू येतं.

त्यांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या हातात चालवायला काहीच उरलं नव्हतं. महाप्याच्या एका कंपनीत मी बावीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधल्या. मग एका सकाळी कंपनीनं मला 'मोकळं' केलं. घरी बसल्यावर लक्षात आलं, की बावीस वर्षांत टेबलावर ठेवून 'हे मी केलं' असं म्हणता येईल अशी एकही वस्तू माझ्याकडे नाही. हे फार लागलं. त्यात मोबाइलवर लोक घरच्या घरी सुऱ्या बनवताना दिसायला लागले, आणि मी ठरवलं, एक सुरी करायची. बायको, सुनीता, म्हणाली, "आपल्याकडे सहा सुऱ्या आहेत. एकीलाही धार नाही. तू सातवी कर." पण तिनं अडवलं नाही.

सुरीसाठी पोलाद लागतं, ते कळंबोलीच्या लोखंड बाजारात मिळतं, इतकंच मला ठाऊक होतं. तिथल्या एका पेढीवर जाऊन उभा राहिलो. काउंटरवरच्या माणसानं वर न बघता विचारलं, "किती टन?" मी म्हटलं, "एक फूट." त्यानं वर बघितलं. मग खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कुठलं हवं ते हळू आवाजात विचारलं. मी म्हटलं, "चमकणारं आणि गंज न लागणारं." त्यानं कोपऱ्यातली एक चकचकीत पट्टी काढून दिली. मी मागितलं तेच दिलं, त्यात त्याची काही चूक नव्हती. ताटवाट्या ज्याच्या होतात त्याची सुरी होत नाही, हे मला कुठे माहीत होतं?

तीन आठवडे मी बाल्कनीत कानस चालवली. सोसायटीच्या सूचनाफलकावर 'बाल्कनीत औद्योगिक कामास मनाई' अशी चिठ्ठी लागली. खाली माझं नाव नव्हतं, पण फ्लॅट नंबर होता. सुरी मात्र दिसायला देखणी झाली. आरशासारखी चकाकायची. मी ती रुमालात गुंडाळून रविवारच्या ऐन गर्दीत मावशींकडे नेली. बाजारात सुरीची खरी पारख करणारं माझ्या ओळखीचं दुसरं कोण होतं?

मावशींनी सुरी उलटसुलट केली, सुरमई ओढली आणि मानेखाली पातं दाबलं. कातडी कापली गेली, मांस कापलं गेलं, आणि मधला काटा लागताच धार कागदासारखी दुमडली. आजूबाजूच्या कोळणी हसल्या. मावशी हसल्या नाहीत, हेच मला जास्त झोंबलं. त्यांनी पातं धुतलं, पुसलं आणि म्हणाल्या, "भावा, तू ओला बोंबील आनलास. दिसतो पांढरा शुभ्र, पन अंगात हाड नाय. याची उलथनी कर, बायको खूश व्हईल."

त्यानंतरचे तीन रविवार मी त्यांच्याकडे गेलो नाही. एकावन्न वर्षांचा माणूस मासेवालीवर रुसला होता. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला दुसरीकडून मासे घ्यायचो आणि मागच्या गल्लीनं बाहेर पडायचो. घरी मासे बिघडायला लागले, सुनीता पहिल्या घासानंतर तुकडा ताटाच्या कडेला ठेवायची. चौथ्या रविवारी मागच्या गल्लीच्या तोंडाशीच मावशी उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून. त्यांनी माझ्या पिशवीत डोकावून बघितलं. "ही काय मच्छी हाय? हिचं तेरावं झालंय." मग एकदम कामाचं बोलल्या, "उद्या सोमवार. कोन खात नाय, मी मोकली. गाडी घेऊन ये, लोखंड बगाला जाऊ. एकटा गेलास तर परत भांडी आनशील."

सोमवारी त्या माझ्या छोट्या गाडीत बसल्या. सीटवर घालायला घरून चादर आणली होती, "नायतर तुजी बायको गाडी इकून टाकंल" म्हणून. न्हावा शेव्याच्या रस्त्याला त्यांच्या ट्रेलरांचं यार्ड होतं. तिथे मागच्या बाजूला जुन्या पाट्यांचा ढीग पडला होता. पाटा म्हणजे ट्रकच्या चाकांवर कमानीसारखी वाकलेली पोलादी पट्टी, जिच्यावर सगळा भार तोललेला असतो. मावशींचे यजमान तीस वर्षं त्याच रस्त्यावर गाड्यांना पाटे बसवायचे. मावशी डबा घेऊन जायच्या आणि हातातलं काम संपवून ते जेवायला बसेपर्यंत बघत राहायच्या, तेवढ्यात सगळं शिकल्या.

मी ढिगातून पटकन एक तुकडा उचलला. आयता मोडलेला, बरोबर हव्या त्या लांबीचा. मावशींनी तो हातातून घेऊन परत फेकला. "मोडका नको. जो एका जागी मोडला त्याला दुसरीकडं भेग असतेच. वरून दिसत नाय. मानसाचं पन तसंच, पन मानसाला घेतल्याबिगर भागत नाय, लोखंडाला भागतं." मग त्यांनी चाकाचा पाना उचलला आणि मडकं घेताना वाजवून बघतात तसा एकेक अख्खा पाटा वाजवायला सुरुवात केली. बद्द आवाज आला की बाजूला. सात पाटे वाजवल्यावर आठवा लांबपर्यंत घुमला. मावशी थांबल्या. "ही वाम हाय," सापासारख्या लांब माशाचं नाव घेत म्हणाल्या. "वाकंल, पन मोडनार नाय. परत सरल व्हईल." मी कानस लावून बघितली. ती थोडी चावली आणि मग घसरली. बाल्कनीतल्या पट्टीवर ती लोण्यात चालावी तशी चालली होती, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

तरी त्यांचं समाधान झालं नाही. यार्डातल्या वेल्डरकडून पाट्याच्या टोकाचा बोटभर तुकडा कापून घेतला, लाल करवला, तेलात बुडवला आणि घणानं फोडायला लावला. तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवून म्हणाल्या, "आत दाना बग. रवा दिसला तर टाकून दे. मैदा दिसला तर घे." मी चष्मा वर करून बघितलं. राखाडी, बारीक, मैद्यासारखाच होता. बावीस वर्षं चुका शोधणाऱ्या माणसाला चूक सापडत नाही म्हणून इतका आनंद पूर्वी कधी झाला नव्हता.

मी म्हटलं, "मावशी, घेऊ हा?"

"घे काय? भाव कर."

मला वाटलं, थट्टा करतायत. ज्या बाईनं भाव करणाऱ्या गिऱ्हाइकांना आयुष्यभर हाकललं, ती आता कमरेवर हात ठेवून उभी होती. मी एक आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "येवड्यात मांदेली येत नाय." मी वाढवला. त्या म्हणाल्या, "शिकलेला ना तू? जरा रडून दाखव, घरची अडचन सांग." अर्धा तास आम्ही घासाघीस केली. वेल्डर काम सोडून बघत होता. शेवटी भंगाराच्या भावावर आणि दुसरीकडे मासे न घेण्याच्या बोलीवर सौदा ठरला. पैसे कनवटीला लावत त्या म्हणाल्या, "फुकट नेला असतास तर आठ दिसात कंटालून टाकला असतास. आता भांडून घेतलास, आता टाकवनार नाय."

आणि खरोखरच टाकवला नाही. दोन महिने प्रत्येक सोमवारी मी त्या यार्डात जात होतो. वेल्डरनं पाटा तापवून, कानस चालावी इतका मऊ होईपर्यंत राखेत मुरवला, ठोकून सरळ केला. बाकी सगळं घासणं माझं. मावशी सावलीला बसून चणे खायच्या आणि माझ्यावर टीका करायच्या. "कानस हाय ती, कंगवा नाय. जोर लाव." माझ्या हातांना फोड आले तेव्हा त्यांनी हळद आणली नाही की सहानुभूती दाखवली नाही. आपला तळहात उघडून दाखवला, बस. घट्ट्यांनी तो खाडीच्या वाळक्या चिखलासारखा झाला होता. घरात मोकळं बसल्याची जी लाज मला दिवसभर चिकटलेली असायची, ती सोमवारी तिथे नसायची, आणि त्यासाठी मी त्यांचा फार ऋणी आहे. सुरी लाल करून तेलात बुडवल्यावर तिला परत मंद आचेवर शेकावं लागतं. ते मी सुनीताच्या केकच्या ओव्हनमध्ये केलं. पुढे महिनाभर आमच्या घरातल्या नानखटाईला गॅरेजचा वास येत होता.

सुरी झाली. काळपट, जरा बुटकी, बाभळीच्या मुठीची. पहिलीसारखी देखणी मुळीच नव्हती. रविवारी ती घेऊन बाजारात गेलो. हीही दुमडली, तर तिसरी करायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि मग मी कुठल्याच कामाचा नाही हे कायमचं ठरलं असतं. मी सुरी ओंडक्यावर ठेवली.

"हातात दे," मावशी म्हणाल्या.

"हातात देत नाहीत मावशी, भांडण होतं." आईनं लहानपणापासून हेच शिकवलं होतं, सुरी खाली ठेवायची, समोरच्यानं उचलायची.

"तीन रविवार मागच्या गल्लीनं पलालास. आता अजून काय भांडन व्हनार? दे."

मी दिली. त्यांनी सुरमई ओढली, मानेखाली पातं टेकवलं आणि दाबलं. काटा कडकन तुटला. मावशींनी पातं उन्हात तिरकं धरलं, धारेवरून नख फिरवलं. मी निकालाची वाट बघत उभा. त्यांनी ओल्या फडक्यानं सुरी पुसली आणि माझ्या मागे बघून हाक मारली, "या ताय, काय कापू?"

त्या ताईंचा हलवा माझ्या सुरीनं कापला गेला. मग एकाचे बांगडे. मग कुणाची तरी दोन किलोची घोळ. कोयता बाजूला पडून होता. मी पिशवी धरून तासभर उभा राहिलो. शेवटी म्हटलं, "मावशी, माझी सुरी?"

"कंची?" म्हणाल्या, आणि कोलंबी सोलायला घेतली.

दुपारी बाजार आवरताना त्यांनी कोयता गोणपाटात गुंडाळला. शेजारी माझी सुरी ठेवली, वर आणखी एक घडी घातली आणि दोरी बांधली. "उद्या सोमवार," त्या म्हणाल्या. "त्या पाट्यातला अर्धा उरलाय ना अजून? ये. तुज्या बायकोला पन लागंल एक."

आयुष्यात पहिल्यांदाच मी केलेली वस्तू कुणीतरी ढापली होती. मी घरी आलो आणि सुनीताला सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी कुठाय?" गाडी बाजाराबाहेर उभी होती. मी चालत आलो होतो.