आज्याच्या शाळेचा उतारा

बारावीला होते तेव्हा मला फार्मसीला जायचं होतं. गेवराईच्या एका मेडिकलमध्ये एक बाई बसायच्या. गोळी जेवणाआधी की जेवणानंतर, हे म्हाताऱ्या माणसांना त्या दोनदोनदा समजावून सांगत. ते काम मला फार आवडलं होतं. कॉलेजातले आमचे सर मात्र अभ्यासाइतकंच कागदांबद्दल बोलायचे. "मार्क पडतील गं, पण जातपडताळणी झाली नाही तर हातातली जागा जाईल. आत्ताच अर्ज टाक."

आम्ही शिंपी. तलवाड्यात अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिलाईचं दुकान. पडताळणीला घराण्यातला जुना पुरावा लागतो आणि आमच्याकडे तो नव्हता. अण्णांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या जागी नुसतं 'हिंदू' लिहिलेलं. आजा, म्हणजे अण्णांचे वडील, माझ्या जन्माआधीच गेलेले. ते शाळेची पायरी चढले नव्हते असंच घरात सगळे धरून चालत. कारण सगळ्या कागदांवर त्यांचा अंगठा.

"तरी गावातल्या शाळेत बघून तर या," सर म्हणाले.

मुख्याध्यापकांनी कपाटाच्या तळातून निजामाच्या काळातलं रजिस्टर काढलं. सगळं उर्दूत. ते त्यांनाही वाचता येईना आणि शाळेबाहेर नेताही येत नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी अण्णा गेवराईला गेले आणि उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एका मास्तरांना मोटारसायकलवर बसवून घेऊन आले. मास्तरांनी चष्मा पुसला, आज्याचं नाव विचारून घेतलं आणि एकेक ओळ बोटाखाली धरून वाचत गेले. पानं अशी की जोरात उलटली तर तुकडाच हातात यायचा. तासभर गेला. अण्णा दारातच उभे होते. मला वाटलं, उगाच म्हाताऱ्या माणसाला त्रास दिला.

"मिल गया," मास्तर एकदम म्हणाले. "हे बघा. नाव, बापाचं नाव. कौम, म्हणजे जात, शिंपी. तिसरीतून नाव काढलं."

"तिसरीतून?" अण्णा आत आले. "न्हाई मास्तर, दुसरं कुणी असंल. आमच्या बापाला अक्षर येत न्हवतं."

"बापाचं नाव जुळतंय, गाव जुळतंय. शाळा सोडायचं कारण लिहिलंय, वालिद, म्हणजे वडील, वारले. पढाई अच्छी." मास्तरांनी अण्णांकडे पाहिलं. "तेव्हा इथं उर्दूच शिकवायचे. नंतर राज्य बदललं, सगळे कागद मराठीत आले. उर्दूतली सही कुठं चालणार होती? दिला असंल अंगठा."

अण्णा खुर्चीवर बसले. थोड्या वेळानं त्यांनी खिशातून पेन काढलं, माझ्या वहीच्या मागच्या पानावर काहीतरी काढलं आणि वही मास्तरांपुढे सरकवली. "हे काय हाय, सांगता का?"

ते मी ओळखलं. अण्णा कापडावर खडूनं मापं टाकायचे तशाच त्या खुणा होत्या. आज्यानंच त्यांना शिकवलेल्या. ही आमच्या दुकानाची खूण, दुसऱ्या शिंप्याला कळू नये म्हणून आज्यानं बनवलेली, असं अण्णा गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत.

"चौतीस," मास्तर म्हणाले. "उर्दूत चौतीस लिहिलंत तुम्ही. अक्षर चांगलंय."

अण्णांनी वही मिटली. मग म्हणाले, "अजून एकदा वाचता का ती ओळ? पढाईची."

मास्तरांनी पुन्हा वाचली.

मास्तरांना गेवराईला सोडून आल्यावर अण्णा शाळेच्या ओट्यावर माझ्याशेजारी बसले. आठवीत असताना आज्यानं त्यांना शाळेतून काढून मशीनवर बसवलं होतं. ते अण्णांनी कधी माफ केलं नव्हतं, एवढं मला माहीत होतं. "मी लई बोललो गं त्याला," ते म्हणाले. "तुला अक्षराची किंमत न्हाई म्हणलो. तोंडावर म्हणलो. अन् त्यानं एकदाबी सांगितलं न्हाई, की मीबी शाळेत गेलतो म्हणून."

मी त्यांच्या हाताला धरून बसले. ते रडले नाहीत, पण बराच वेळ उठलेही नाहीत.

मास्तरांनी भाषांतर करून दिलं. येण्याजाण्याचे पैसे अण्णा देत होते, ते घेतले नाहीत. मला म्हणाले, "बेटी, शिकलीस की एक दिवस घरी येऊन चहा पाज." पडताळणीचं प्रमाणपत्र माझ्या परीक्षेच्या आधी आलं. पुढे नेट कॅफेत बसून कॉलेजांचा पसंतीक्रम भरला. आईला बीड हवं होतं, मी संभाजीनगर पहिलं टाकलं. दुसऱ्या फेरीत तिथेच नंबर लागला. आई दोन दिवस धड बोलली नाही, तिसऱ्या दिवशी शेंगदाण्याचे लाडू वळायला बसली.

कॉलेजनं पाठवलेल्या यादीत पांढरा अ‍ॅप्रन होता. तयार मिळतो म्हटलं तरी अण्णांनी ऐकलं नाही. मला दुकानात उभं करून त्यांनी नीट मापं घेतली. शिवून झाल्यावर मी घालून पाहिला. खांद्यात बरोबर बसला, पण बाजूंना आत बरंच कापड दुमडलेलं लागलं.

"एवढं कशाला आत ठेवलंय, अण्णा?"

"चार वर्सं घालायचाय," ते दोरा तोडत म्हणाले. "माया ठेवावी लागती."