जोडीदार गावी आला तो उन्हाळा

फौजेत त्याची खाट आणि माझी खाट शेजारी होती. आमची मोटार कंपनी. डोंगरातल्या चौक्यांना रॉकेल, पीठ, डाळी पोचवायचं काम. लोकांना वाटतं, फौजी म्हणजे सदा बंदूक रोखून उभा. आमचे दिवस निराळेच जायचे. पहाटे शिट्टी वाजली की अंथरुणाच्या घड्या, दाढी, बुटांना पॉलिश, पीटी आणि शेवटी लंगरापुढं, म्हणजे फौजी स्वयंपाकघरापुढं, पत्र्याचा मग घेऊन चहाची रांग. दिवसभर गाड्या. घाटात बर्फ पडलं की ते उपसायचं. तळ हलला की तंबूभोवती चर खणायचे, संडासाचे खड्डे खणायचे. रायफलीपेक्षा फावडंच माझ्या हातात जास्त राहिलं.

जोडीदार पंजाबातला, कालव्याकाठच्या गावचा शीख. मी औशाजवळच्या खेड्यातला, लिंगायत घरातला. लंगरात मटण असलं की माझा वाटा त्याच्या ताटात जायचा आणि त्याची खीर माझ्याकडे यायची. यावरूनच आमची मैत्री जमली.

एका उन्हाळ्यात दोघांना रजा एकदमच मिळाली. त्याच्या आईचा नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला नवस होता. तो म्हणाला, "पहले नांदेड, फिर तेरा घर, फिर मेरा घर."

नांदेडला दर्शन झालं. गोदावरीत वाळूच जास्त दिसत होती. माझ्या मायसाठी त्यानं अर्धापूरची केळी घेतली आणि आम्ही एसटीनं लातूरला आलो. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. आधी सैनिक बोर्डाचं काम निघालं की धाराशिव गाठावं लागायचं. गाडीतला एक म्हातारा कौतुकानं सांगत होता, "आता समदी हापिसं हितंच येऊन राहिली." खिडकीबाहेर मात्र रानं उघडी पडली होती. माळावर दुष्काळात उभारलेली जनावरांची छावणी दिसली. जोडीदार बराच वेळ बाहेर बघत होता.

घरी भाषेचं कसं होणार, याची त्याला धास्ती होती. पण मायचं लहानपण निजामाच्या राज्यात गेलेलं. तिला दखनी चांगली यायची.

"बैठो बेटा. रस्ते में तकलीफ नै हुई ना?"

तो हसला आणि वाकून तिच्या पाया पडला. पिठलं-भाकरी त्यानं मागून मागून खाल्ली.

रविवार आला. बॅरकीत तो रविवारी नळाखाली बसून केस धुवायचा. त्या सवयीनं त्यानं सहज पाणी मागितलं. घरात एकच घागर भरलेली होती. मी त्याला सांगायला उठलो, तर मायनं डोळ्यांनीच मला बसवलं. "पाव्हणा हाय," ती हळूच म्हणाली, "गप बस." त्याला तिनं परसातल्या शेवग्याच्या बुडाशी बसवलं, म्हणजे पाणी वाया जायला नको. त्यानं मजेत केस धुतले.

दुपारी गावात टँकर आला. गलका ऐकून आम्ही दोघं बाहेर पडलो. टँकर सार्वजनिक विहिरीत पाणी ओतत होता आणि काठावर बाया दाटीवाटीनं पोहरे सोडत होत्या. त्या गर्दीत माय होती. तिच्या पोहऱ्यात गढूळ पाणी यायचं, तेही निम्मं. जोडीदारानं ते पाहिलं. मग त्यानं पुढं होऊन तिची घागर घेतली, भरेपर्यंत पाणी ओढलं आणि घरी आणून ठेवली. नंतर माझ्याकडे वळला.

"तूने बताया क्यों नहीं?"

"माँ ने मना किया."

"माँ को बोल, मैं मेहमान नहीं हूँ."

माय चुलीपाशीच होती. "सुनी मैं," ती म्हणाली, "अब खाना खा."

आमच्या गल्लीतली विहीर पार कोरडी पडली होती. गल्लीतली माणसं मिळून ती आणखी खोल खंदत होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच पगडीऐवजी फडकं बांधून तो तिथं गेला. वर रहाटापाशी अप्पा, म्हणजे माझे वडील, होते.

"पाव्हण्याला कशाला खाली सोडता?" कुणीतरी म्हणालं.

"त्यालाच इचार," अप्पा म्हणाले.

कुणी विचारीपर्यंत तो थांबलाच नाही. दोराला धरून उतरला, मागोमाग मी. रोज पहार मारायची, मुरूम टोपल्यात भरायचा, वर पाठवायचा. दुपारी ऊन थेट तळाशी आलं की बाहेर यायचं. तळहात सोलवटले की चिंधी गुंडाळून तो पुन्हा पहार धरायचा. रजा मात्र सरत चालली होती, आणि विहीर टाकून मला काही त्याच्या गावी जाता येणार नव्हतं. मी त्याला घरी जा म्हणालो, तर म्हणायचा, "कल." असे किती तरी 'कल' झाले. शेवटी मायनंच त्याची पिशवी भरली. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी वर ठेवल्या.

"तेरी माँ रस्ता देखती होगी. जा बेटा."

तेव्हा कुठं तो निघाला. विहीर अजून कोरडीच होती. एसटीत चढताना त्याचं तोंड उतरलं होतं. आपण काम अर्धवट टाकून चाललोय असं त्याला वाटत असावं.

तो गेल्यावर काही दिवसांनी मुरूम ओला लागला. मग एका कपारीतून पाझर सुटला. गल्लीला पिण्यापुरतं पाणी झालं. अंघोळीला अजूनही टँकरचीच वाट बघावी लागत होती, पण मायची घागर आता दाराजवळच्या विहिरीवर भरायला लागली.

रजा संपवून मी कंपनीत परतलो तेव्हा तो गाडीखाली घुसून काहीतरी आवळत होता. मी वाकून सांगितलं, "पानी लगा." तो बाहेर आला. ग्रीसचे हात चिंधीला पुसत त्यानं पाणी गोड आहे का विचारलं. आहे म्हणालो. तो चाकाला टेकून बसला.

"माँ को अब दूर नहीं जाना पड़ता?"

"नहीं."

त्यानं मान हलवली आणि पुन्हा गाडीखाली गेला. दुसऱ्या दिवशी घाट उघडला. पिठाची पोती लादून आमच्या गाड्या रांगेनं वर निघाल्या. त्याची गाडी माझ्या पुढं होती.